साडूंची जगभरची सोयरीक

आमच्या साडूंची जितक्या देशांत सोयरीक आहे, तितकी पूर्वीच्या राजेरजवाड्यांचीही नसेल. राजेरजवाड्यांना त्यासाठी लग्नं तरी करावी लागत. साडूंनी एका लग्नात भागवलं, तेही माझ्या थोरल्या मेव्हणीशी, आणि बाकीची सगळी सोयरीक नाशिकबाहेरच्या एका अभियांत्रिकी कॉलेजातल्या दहा बाय बाराच्या खोलीत, एसीच्या गारठ्यात, कानटोपी घालून बसून जमवली. त्या खोलीत कॉलेजचं अख्खं नेटवर्क नांदतं आणि साडू त्याचे कारभारी. मे महिन्यात आम्ही घाम पुसत असताना हा माणूस कानटोपी आणि हाफ स्वेटर घालून बाहेर येतो आणि समोर दिसेल त्याला सांगतो, "आत्ताच ब्राझीलशी बोलणं झालं. मंडळी मजेत आहेत." कोण मंडळी, हे विचारायची सोय नसते. विचारलं की पाऊण तास गेलाच म्हणून समजा.

मी एकदा विचारलं होतं. रविवारची सकाळ होती, समोर मिसळ होती, त्यामुळे मला उठताही येईना. जगभरच्या विद्यापीठांनी आणि संशोधनसंस्थांनी आपापली नेटवर्कं एकमेकांना जोडून घेतली आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. इथल्या प्राध्यापकाला तिथल्या दुर्बिणीतून बसल्या जागी बघता येतं, तिथल्या विद्यार्थ्याला इथला तास ऐकता येतो. आणि माणूस स्वतः तिथे गेलाच, तर घरच्याच खात्यावर, घरच्याच पासवर्डावर त्याला तिथलं वायफाय आपोआप मिळतं. मी शाळेत भूगोल शिकवणारा मास्तर. मला हे देश नकाशावर माहीत, साडूंना ते घरच्यासारखे माहीत. "साडूभाऊ," ते म्हणाले, "सिन्नरचा माणूस मालेगावात अनोळखी दारात उभा राहिला आणि म्हणाला, मी सिन्नरच्या अमक्या घरचा. घरधनी काय करेल? सिन्नरला विचारेल, हा तुमचाच का? तिकडून निरोप येईल, आमचाच. लगेच पाण्याचा तांब्या बाहेर. तेवढंच आहे हे सगळं. फक्त निरोप पापणी लवायच्या आत जाऊन येतो." मग त्यांनी रस्सा मागवला आणि एकदम गंभीर होऊन म्हणाले, "यात एकच पथ्य. जो आपला राहिला नाही, त्याला आपला म्हणायचं नाही. एकदा खोटं सापडलं की संपली सोयरीक." आणि हे पथ्य ते असं पाळत, की शेवटचा पेपर देऊन पोरं घरी पोचायच्या आत त्यांची खाती बंद झालेली असत.

सोयरीक म्हटली की मानपान आला, आणि मानपानात साडू कुठे कमी पडत नाहीत. परदेशातला कुणी प्राध्यापक कॉलेजात यायचा असला की प्राचार्य गुच्छ घेऊन पोर्चमध्ये उभे असतात आणि साडू त्यांच्या मागे, पाहुण्याच्या खिशाकडे डोळे लावून. गुच्छ, नमस्कार, फोटो, सगळं होईपर्यंत ते कसाबसा दम धरतात आणि मग पुढे होऊन विचारतात, "सर, लागलं?" पाहुणा गोंधळतो, फोन काढून बघतो, तर आपल्याच विद्यापीठाच्या खात्यावर फोन मुकाट जोडला गेलेला. त्याला आश्चर्य वाटतं. साडू मात्र लेकीच्या सासरची मंडळी पोटभर जेवून उठावीत तसे तृप्त होतात आणि त्याच्या हातात चिवड्याचं पुडकं ठेवतात. एका जपानी बाईंनी ते पुडकं इतक्या वेळा वाकून स्वीकारलं, की साडूही दर वेळी वाकले, आणि प्राचार्यांना शेवटी दोघांच्या मध्ये उभं राहावं लागलं.

सोयऱ्यांचं दुखणंखुपणं आलं की त्यांचा कशात जीव लागत नाही. आमच्या पुतणीच्या हळदीला हा माणूस कोपऱ्यात असा बसला होता, की विहीणबाईंनी हळूच येऊन मला विचारलं, "त्यांच्याकडे कुणी गेलं का हो?" मी जाऊन चौकशी केली. "समुद्रात केबल तुटलीय," साडू म्हणाले. "सगळी रहदारी भलत्याच वाटेनं वळवलीय. बिचारे तिकडचे लोक कालपासून झोपले नाहीत." जिलबीचं ताट तसंच होतं. तिसऱ्या दिवशी केबल जोडली गेल्याचा निरोप आला, तेव्हा लग्न लागून वऱ्हाड परतलं होतं आणि साडूंनी घरी बसून शिळी जिलबी अत्यंत आनंदानं खाल्ली.

पण त्यांची खरी कीर्ती झाली ती वेगळ्याच कामामुळे. आपल्या कॉलेजचा माणूस परदेशातल्या विद्यापीठात शिरला आणि त्याचा फोन तिथे जोडला गेला, की "हा तुमचाच का?" हा निरोप साडूंच्या पडद्यावर येतो. त्याची ओळ उमटते, गावासकट. पोरं कॉलेजात असतानाच एखाद्या सत्रापुरती तिकडे शिकायला गेली की चार दिवस घरी फोन करत नाहीत, आणि इथे आईबापांचा डोळा फोनवरून हलत नाही. साडूंनी आपणहून सगळ्यांना कळवायला सुरुवात केली, "पोचली बरं का तुमची मुलगी." सटाण्याचे एक शेतकरी गृहस्थ तर सकाळी सातला त्यांनाच फोन करीत. "साहेब, आमनी पोर पोचनी का?" "पोचली." "तठे थंडी शे का?" हे पडद्यावर दिसत नसे, पण साडू "थांबा" म्हणून तिथलं हवामान काढत आणि सांगत, "आहे, पण स्वेटर घालण्याइतकीच."

या समाजसेवेला दृष्ट लागली ती आमच्याच भागातल्या एका प्राध्यापकांमुळे. ते परिषदेला म्हणून युरोपात गेले. दोन दिवसांनी त्यांच्या सौभाग्यवतींनी भाजी घेताना साडूंना सहज विचारलं, "हे पोचले ना नीट?" साडू उत्साहानं म्हणाले, "पोचले की! आणि कालपासून तर त्या समुद्रकाठच्या गावी आहेत. छान गाव आहे म्हणतात." परिषद समुद्रापासून लांब, डोंगरातल्या एका गावी होती, आणि सौभाग्यवतींनाही समुद्र फार आवडतो. लग्नानंतर वीस वर्षांत त्यांना तो एकदाही दाखवलेला नव्हता, हे साडूंना कुठून माहीत असणार? प्राध्यापक परतल्यावर प्राचार्यांकडे गेले, प्राचार्यांनी साडूंना बोलावलं. "भाऊसाहेब, कोण कुठे आहे हा ज्याचा त्याचा प्रश्न. नेटवर्क म्हणजे गावची चावडी नव्हे." साडूंना ते पटलं. खरंच पटलं. त्यांनी त्या दिवसापासून सगळे फोन बंद केले, सटाण्याचासुद्धा.

एवढ्या देशांशी घरोबा असलेल्या या माणसाची एकुलती एक मुलगी, सई, त्यांच्याच कॉलेजातून पास झाली आणि पुढच्या शिक्षणाला फिनलंडला जाते म्हणाली, तेव्हा पेढे वाटले जातील असं आम्हाला वाटलं होतं. साडू उखडले. "जायचं कशाला? तिथली यंत्रं इथून चालवता येतात, तिथले तास इथून ऐकता येतात. आम्ही एवढं सगळं जोडलं कशाला? माणसांना घर सोडावं लागू नये म्हणूनच ना?" सई म्हणाली, "बाबा, तुमच्या केबलमधून मला शिकता येईल, पण जग बघता येणार नाही." शब्दाला शब्द वाढला. ती निघाली त्या दिवशी साडू मुंबईपर्यंत पोचवायला गेले नाहीत. कॉलेजात दुरुस्तीचं काम निघालंय म्हणाले. निघालं नव्हतं. त्यानंतर सईचा फोन आला की ताई, म्हणजे माझी मेव्हणी, बोलणार आणि साडू शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवणार, असं दोन वर्षं चाललं. विषय काढला की म्हणत, "मला काय करायचंय?"

याच काळात त्यांच्या जेवणाचं तंत्र बिघडलं. ताई माझ्या बायकोला सांगत होती, "अगं, कॉलेजात डबा थंडीत साडेबाराला उघडतात नि उन्हाळ्यात साडेअकराला. डॉक्टरांना दाखवू का?" मी भूगोलाचा मास्तर, मला हे कळायला हवं होतं. कळलं ते मात्र त्यांच्या खोलीत एका दुपारी बसलो होतो तेव्हा. डबा समोर, झाकण बंद, साडू पडद्याकडे बघताहेत. साडेबारा वाजून गेले. मग एक ओळ उमटली. साडूंनी मोठा श्वास सोडला आणि डब्याचं झाकण काढलं. मी वाकून ओळ वाचली. सईचं नाव होतं आणि तिच्या विद्यापीठाचं. तिथे तेव्हा सकाळचे नऊ वाजतात. उन्हाळ्यात ते लोक घड्याळं तासभर पुढे करतात. "भाऊसाहेब," मी म्हटलं, "ती पास होऊन दोन वर्षं झाली. खातं अजून चालू?" त्यांनी भाजीत बोट घातलं आणि ते तसंच राहिलं. "माहीत आहे," ते म्हणाले. "रोज तिकडून विचारतात, ही तुमचीच का? आणि रोज मी खोटं सांगतो." मला चटका बसला. या माणसाला थट्टेनं खूप बोललो होतो, पण इतका एकटा तो मला कधी दिसला नव्हता.

जानेवारीअखेर ते निवृत्त झाले. समारंभ दुपारी एकला होता, आणि शाल-श्रीफळासकट त्यांना घरी न्यायची कामगिरी माझ्याकडे होती. मी बाराला पोचलो, तर ते खोलीतच. खाती तपासून झाली होती, किल्ल्या कागदावर ओळीनं मांडल्या होत्या, पडद्यावर एकच नाव उरलं होतं. "राहू द्या," मी म्हटलं. "नवीन माणूस येईल, तो बघेल." "माझं खोटं त्याच्या गळ्यात का घालू?" ते म्हणाले. पण बटणापाशी बोट अडकलं. "साडूभाऊ, हे दाबलं की मला काही कळणार नाही. आजारी पडली तरी कळणार नाही." मग त्यांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली आणि बटण दाबलं. नाव गेलं.

साडेबारा वाजून दहा मिनिटांनी त्यांचा फोन वाजला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे, आणि उचलला. घाईत स्पीकरचं बटण दाबलं गेलं, म्हणून मलाही ऐकू आलं. "बाबा, माझं खातं बंद केलंत?"

"नियम आहे," साडू म्हणाले.

"माहीत आहे. मला इथलं खातं पहिल्याच आठवड्यात मिळालंय."

"मग हे कशाला ठेवलंस?"

"तुम्ही बघत असाल म्हणून. आईला फोन केला की टीव्हीचाच आवाज येतो. म्हटलं, निदान पोचले एवढं तरी तुम्हाला दिसू दे."

साडूंनी चष्मा काढला. तो मांडीवरच्या कानटोपीनं पुसला, पुन्हा घातला. शेवटी ते म्हणाले, "थंडी फार आहे का गं?" आणि सई रडता रडता हसायला लागली. खालून समारंभाला बोलवायला दोनदा माणूस आला. दोन्ही वेळा मी त्याला दारातूनच परत पाठवला.

आता सई आठवड्यातून दोनदा फोन करते आणि थेट त्यांनाच करते. साडू त्या दिवशी सकाळपासून खुशीत असतात, टीव्ही बंद असतो, आणि गल्लीतल्या सगळ्यांना फिनलंडची हालहवाल कळते. परवा मी गेलो तेव्हा फोनचा वार नव्हता. साडेबारा वाजले होते, ताईनं ताटं वाढली होती आणि साडू भिंतीकडे बघत बसले होते. मी म्हटलं, "चला, जेवू या." ते उठले, हात धुतले, आणि पाटावर बसता बसता म्हणाले, "बाकीचे पाच दिवस पोचली असेल, असं धरून चालायचं असतं."