पांढऱ्या कपाळाच्या हातची ओटी

भगिनींनो, आधीच सांगून टाकते. भूत, करणी, उतारा, नजर... यातलं काहीही मी मानत नाही. मानलं असतं तर या नोकरीत आठवडाभरसुद्धा टिकले नसते. ज्या खोलीत सकाळी पेशंट गेली, त्याच खोलीच्या उंबऱ्यावर दुपारी बसून मी भाकरी-ठेचा खाल्लेला आहे, आणि वर ताकही मागून घेतलेलं आहे. माझ्या सासूबाई म्हणायच्या, हिला बघून एखादं भूतच तुळजापूरला नवस बोलेल.

तेव्हा पुढचं वाचून "सिस्टरचं वय झालं" असं म्हणू नका. पंचेचाळीस हे काही वय नव्हे. दात सगळे माझेच आहेत.

ही गोष्ट परंड्याची. उस्मानाबाद जिल्ह्याचं पार पश्चिमेचं टोक. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, कचेरीवरच्या पाट्या मराठीत आल्या होत्या, पण कारकून अजून अर्जाला दरखास्तच म्हणायचे. वेशीच्या आत एका कापडवाल्याने स्वतःच्या आईच्या नावानं बाळंतपणाचं घर काढलं होतं. एका लांबट खोलीत ओळीनं चार खाटा, आत बाळंतपणाची खोली, मागं चूल आणि पाण्याचा हंडा. डॉक्टर दुसऱ्या गावाहून जीपनं यायचे, तेही ठरल्या दिवशी. बाकीचे दिवस मी आणि आया रहेमतबी. रहेमतबी अंगानं भरलेली, तोंडात कायम पान. तिनं दारातून हाक मारली की किल्ल्यावरची कबुतरं उडायची. हे मी वाढवून सांगत नाही... थोडंसं सांगते.

नव्या सिस्टरांना माझा पहिला सल्ला असा, की भेटीच्या वेळी आत येणाऱ्या प्रत्येक बाईला "तुम्ही कुणाच्या?" हे विचारा. आम्ही विचारत नव्हतो. दुपारी जेवणं झाली की नातेवाईक यायचे. पहिल्या खाटेवाल्यांना वाटायचं ही म्हातारी तिसऱ्या खाटेची मावशी असेल, तिसऱ्या खाटेवाल्यांना वाटायचं ही पहिलीची चुलती असेल. आणि म्हातारी आपली सगळ्यांमधून चालत यायची.

विटलेलं लुगडं, मोकळे हात, पांढरं कपाळ. विधवा. पदराला गाठ, गाठीत गहू. एखाद्या खाटेपाशी थांबायची, गाठ सोडायची आणि त्या गरोदर बाईची ओटी भरायची. नारळ नाही, खण नाही, हळद-कुंकू तर नाहीच... नुसते मूठभर गहू. मग तशीच निघून जायची.

मला आधी फक्त गहू दिसले. शेवंता नावाची बाई बैलगाडीतून आली होती, पाय सुजलेले, झटके येऊन गेलेले. डॉक्टर बाहेर येऊन मला हळूच म्हणाले होते, "दोघांतलं एक राहिलं तरी पुष्कळ." दुसऱ्या दिवशी चादर बदलताना अंथरुणभर गहू. मी रहेमतबीवर ओरडले, की मुंग्या होतील. त्याच संध्याकाळी शेवंता बाळंत झाली आणि दोघंही धडधाकट. श्रेय कुणाला? अर्थात मला. मी ते घेतलंही, आणि आठवडाभर मिरवलंही.

त्यानंतर मेहरुन्निसा. मूल आडवं. बार्शीला न्यायची तयारी चालली होती, आणि गाडी दाराशी येईपर्यंत मूल आपलं आपण वळलं. तिच्या पदरातही गहू होते. आणि मग राधा... राधा खाटेवर बसून शेंगदाणे खात होती, सगळ्या खोलीला हसवत होती. म्हातारी तिच्यापुढं उभी राहिली, बघितलं, आणि पदराची गाठ न सोडताच गेली. राधाचं बाळंतपण मी केलेल्या सगळ्यांत सोपं. बाळ झालं, तिनं चहा मागितला. चहा येईपर्यंत ती गेली होती. का गेली ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

"बाई," रहेमतबी मला चुलीपाशी म्हणाली, "वो बुढ्ढी जिची गोद भरती, ती जगती. तुमी बघा."

"तू बघ. मला हातमोजे उकळायचेत."

"हसू नक्को बाई. राधाकडं बघून ती रडत हुती. म्या बघितलं."

मी हसले. असल्या योगायोगांवर आम्हाला ट्रेनिंगमध्येच हसायला शिकवलेलं असतं. ते उपयोगाचंही असतं. दोन वाचल्या, एक गेली, यातून नियम काढायचा म्हटलं तर आपल्या धंद्यात दर महिन्याला नवा देव निघेल.

आता गोदावरी.

गोदावरी परंड्याजवळच्या खेड्यातली. हडकुळी, मोठ्या डोळ्यांची, विशीच्या आतबाहेरची. आधीची दोन मुलं पोटातच गेलेली. या वेळी मीच हट्टानं तिला दिवस भरायच्या आधी आणून ठेवलं होतं. सोबत तिची सासू, पारूबाई. सासू म्हटल्यावर तुमच्या डोळ्यापुढं जे चित्र आलं ते पुसून टाका. ही सासू सुनेचे पाय चेपायची. सुनेच्या ताटातली भाकरी स्वतः कुस्करून द्यायची. फक्त एक होतं, की दोन नातवंडं गेल्यापासून तिनं जगातला एकही अपशकुन सुनेच्या आसपास फिरकू द्यायचा नाही असं ठरवलं होतं. मांजर दिसलं की हाकल. कुणी शिंकलं की गोदावरीला परत बसव. मी एकदा रिकामी घागर घेऊन समोरून गेले तर मला मागं फिरवून भरून आणायला लावली.

"पारूबाई, मी नर्स आहे. माझी रिकामी घागर चालते."

"तुमची चालती, बाई. हिची न्हाय चालत."

गोदावरी तोंडावर पदर घेऊन हसायची. म्हणायची, "आत्याबाई, उद्या तुमी सूर्याला पण दमानं उगव म्हणाल." मला ती पोर फार आवडायची. पेशंटवर जीव लावू नये हे मी नव्या सिस्टरांना दरवर्षी सांगते. कुणी ऐकत नाही. मीही ऐकलेलं नव्हतं.

तिच्या कळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, दुपारी म्हातारी आली. या वेळी मी तिथंच होते, पलीकडच्या खाटेवरच्या बाईचं पोट तपासत. म्हातारी सरळ गोदावरीच्या खाटेशी गेली. गाठ सोडली. गोदावरीला वाटलं असणार की वडीलधारी कुणी आहे. तिनं आपला पदर पसरला.

पारूबाई पाणी घेऊन आत येत होत्या. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि म्हातारीचं मनगट धरलं.

"आजी, काय करताव?"

"ओटी भरती, माय."

"कपाळ कुणाचं हाय बघा जरा. लेकुरवाळी व्हायची हाय माझी सून. तुमच्या हातची ओटी व्हय तिला?"

"भरू द्या की, पारूबाई," मी म्हटलं. "मूठभर गव्हानं काय होतंय?"

"तुमास्नी काय न्हाय व्हायचं बाई. दोन पुरली म्या. तिसरं न्हाय पुरायचं."

त्यांनी मनगट झटकलं, तसे गहू फरशीवर सांडले. म्हातारी रागावली नाही. उकिडवी बसली आणि खाटेखालचेसुद्धा दाणे वेचून पदरात घेऊन, गाठ मारून निघून गेली. गोदावरी म्हणाली, "आत्याबाई, म्हातारं माणूस हुतं." पारूबाईंनी तिची दृष्ट काढली.

रहेमतबी दारात उभी होती. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं.

आणि भगिनींनो, मी पळाले. पांढरा पोशाख, डोक्यावर टोपी, भर बाजारातून. शिंप्यानं मशीन थांबवलं. भजी तळणाऱ्यानं झारा वर धरला तो तसाच. कुणीतरी विचारलं, "नर्सबाई, आग लागली का?" एक चप्पल बोळाच्या तोंडाशी राहिली, ती नंतर एका कुत्र्याकडं सापडली. माझ्या आयुष्यात मी इतकी हास्यास्पद कधी दिसले नसेन, आणि मला एरवी हास्यास्पद दिसायला आवडतं.

वेशीबाहेर, खंदकाच्या कडेला मी तिला गाठलं.

"आजी, परत चला. मी सांगते त्यांना. मी स्वतः उभी राहून ओटी भरायला लावते."

तिनं पदराची गाठ दाखवली. "सांडल्याले गहू ओटीत घालत न्हाईत, माय. तुमास्नी ठावं न्हाय?"

"दुसरे आणते. दुकान इथंच आहे. पोतं आणते म्हणाल तर."

"दुकानातले गहू मला काय करायचेत?" ती म्हणाली. "मला द्याया इतकेच हुते."

"कुणी दिले?"

तिनं गाठ पुन्हा घट्ट केली. मी तिचा हात धरला. उन्हानं तापलेला, कोरडा, चारचौघींसारखा हात. "आजी, तुम्ही कुठल्या?" विचारलं तर म्हणाली, "हितलीच." मग हात सोडवून घेतला आणि कुर्डुवाडीच्या रस्त्यानं चालू लागली. तुम्हाला वाटेल आता ती डोळ्यादेखत गुप्त झाली असेल. नाही. दिसेनाशी होईपर्यंत चालत गेली, म्हातारी माणसं चालतात तशी, मधे एकदा कंबरेवर हात ठेवून थांबत. तिचं एवढं साधं असणंच मला आजही सहन होत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गोदावरीला मुलगी झाली. लगेच रडली. पारूबाईंनी दारातून विचारलं, "रडली का?" मी म्हटलं, "ऐकू येत नाही का, किल्ल्यापर्यंत जातोय आवाज." त्या उंबऱ्यावर डोकं टेकून बसल्या. मी स्वतःला मनातल्या मनात म्हटलं, बघ, कशी वेड्यासारखी पळालीस काल.

मग रक्त सुरू झालं.

वार पूर्ण पडली होती, मी दोनदा तपासली. पोट चोळलं, इंजेक्शन दिलं, खाटेच्या पायाखाली विटा लावल्या, मूठ आवळून दाबून धरलं. रहेमतबीचा मुलगा सायकलवर डॉक्टरांकडं धावला. हे सगळं मी बरोबर केलं. जीप येताच डॉक्टरांनीही तेच केलं आणि नंतर मला तेच सांगितलं, की तुमचं काही चुकलेलं नाही. चुकलं असतं तर बरं झालं असतं असं मला किती वेळा वाटतं, ते कुणाला सांगून समजणार नाही. चूक पुढच्या वेळी टाळता येते. हे काय टाळायचं, कसं टाळायचं?

गोदावरी शेवटी शेवटी म्हणत होती, "आत्याबाईंना आत बोलवा. त्यांना बाहेर भ्या वाटत असंल." पारूबाई आल्या, तोवर तिला ओळखू येत नव्हतं. खिडकीतून ऊन आलं होतं, तिच्या पायांवर पडलं होतं. पारूबाईंनी ते पाय आपल्या मांडीवर घेतले आणि नेहमीसारखे चेपत राहिल्या. कुणी थांबा म्हटलं नाही.

म्हातारी पुन्हा आली नाही. मी परंड्यात, आसपासच्या खेड्यांत, कुर्डुवाडीच्या एसटीवाल्यांकडं चौकशी केली. कुणाला माहीत नाही. भेटीच्या वेळी मी आता प्रत्येकीला विचारत होते, तुम्ही कुणाच्या... आणि प्रत्येक बाई कुणाची तरी निघायची. पुढं त्या घरात काही जगल्या, काही गेल्या. कोण जगेल ते आधी कळायचं बंद झालं. कळून तरी मी काय केलं होतं?

काही महिन्यांनी पारूबाई नातीला देवी टोचायला घेऊन आल्या. पोर गुटगुटीत, डोळे थेट आईचे. पारूबाई मात्र निम्म्या राहिल्या होत्या. मी टोचायचं सामान मांडत होते तेव्हा त्या पाठीमागून म्हणाल्या,

"बाई, एक इचारू? खरं सांगा. माझ्यापायी गेली का ती?"

"नाही," मी म्हटलं. ताबडतोब म्हटलं. नव्या सिस्टरांनो, हे शिकून घ्या, इथं क्षणाचाही उशीर करायचा नसतो. "रक्तस्राव होता तो. बाळंतपणात होतो. हजार जणींत कुणालाही होतो. गव्हाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही."

"तुमी न्हाय मानत ते?"

"मुळीच नाही मानत."

त्यांनी पोरीची कुंची सारखी केली. बराच वेळ सारखी करत राहिल्या.

"मग बाई," त्या म्हणाल्या, "तुमी पळालाव कशापायी? समद्या बाजारानं बघितलं."

तुम्ही मला ओळखता. गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही. लग्नात, मयतीला, साहेबांपुढं... मला कधी शब्द कमी पडलेले नाहीत. त्या दिवशी मी स्पिरिटचा दिवा पेटवला, सुई आचेवर धरली, आणि धरूनच राहिले. त्यांनी वाट बघितली. खूप वाट बघितली. मग "बरं" म्हणाल्या आणि पोरीचा दंड माझ्यापुढं केला.

आता माझी बदली लोहाऱ्याला झाली आहे. ती म्हातारी कोण होती, गहू कुठून आणत होती, मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारलं, एका भटजींना विचारलं, रहेमतबीनं तिच्या दर्ग्यातल्या बाबांना विचारलं. प्रत्येकानं वेगळं सांगितलं आणि मला एकही पटलं नाही. ते एक वेळ राहू दे. पण पारूबाईंना काय सांगायला हवं होतं? मी अजून रोज काहीतरी जुळवून बघते आणि रोज ते खोटं निघतं. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर मला कळवा. पारूबाई अजून आहेत, त्याच गावात, नातीला सांभाळत. मी जाऊन सांगेन.