मावशींची मोकळी लाइन

जिन्याच्या लोखंडी कठड्यावर झारा वाजला की समजायचं, मावशींचा हुकूम सुटला. राजापेठेतल्या त्यांच्या घरात आम्ही क्लासच्या पोरी भाड्याने राहायचो. खालच्या खोल्यांत मोबाइलला रेंज म्हणून नव्हती. घरी बोलायचं तर वायफायवरूनच. आणि जेवणं झाली की सगळ्यांनाच एकदम आई आठवायची! मग एकीची आई अर्ध्या वाक्यात गप्प, दुसरीचे बाबा विहिरीतून बोलल्यासारखे, आणि घरभर नुसतं ‘हॅलो, हॅलो’.

“रस्सा तेवढाच अन् वाट्या वाढल्या, त पानीच येईन ना वाट्यात!” मावशी म्हणायच्या. म्हणून त्यांचा कायदा: दोघी बोलतील, बाकीच्यांनी वायफाय बंद करून उद्याची भाजी निवडायची. कुणी चोरून रील पाहताना सापडली की तिची खैर नसे. “काहून व, तिची माय तिकडे हॅलो हॅलो करून राहिली, अन् तू इथं नाच पाहून राहिली?” मला भारी राग यायचा. गप्पा रंगात आल्या की हमखास झारा वाजायचा.

रविवारची संध्याकाळ मात्र मावशींची. मुलगा परदेशात, आठवड्याला त्याचा एकच फोन. त्यात चेहरा दिसायचा नाही, तरी या बाई वेणी घालून, धुतलेली साडी नेसून बसायच्या!

अशाच एका रविवारी हिवरखेडहून आईचा फोन आला. बाबा आजारी होते. माझी परीक्षा तोंडावर, म्हणून त्यांनीच मला येऊ दिलं नव्हतं. त्यांना बोलायचं होतं, पण आवाज इतका खोल गेलेला की तुटक तुटक काहीतरी यायचं, कळायचं काहीच नाही. मी रडकुंडीला आले. मुलाशी फोनवर बोलत असलेल्या मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि त्याला म्हणाल्या, “बाबू, ठेव आता. पोरीच्या बापाले बोलाचं हाय.” मग झारा असा वाजवला की घरातला एकूण एक फोन बंद झाला.

त्या शांततेत बाबा अगदी शेजारी बसल्यासारखे बोलले. “जेवली का व माय?” मग म्हणाले, गाय व्याली, कालवड झाली. एवढंच. मी घरी पोहोचले तेव्हा ते बोलायचे थांबले होते, कायमचे. तो आवाज माझ्याजवळ आहे, तो मावशींमुळे.

आता मी अकोल्यात नोकरी करते. मावशींचे गुडघे गेले, त्यांनी पोरी ठेवणं सोडलं. रविवारी मी फोन करते तेव्हा त्यांच्या बांगड्यासुद्धा ऐकू येतात, इतकी लाइन स्वच्छ. वाटतं, त्यांनी बोलत राहावं, वाटल्यास रागवावं. पण जरा कुठे बोलणं सुरू होतं, तोच,

“ठेवतो व माय. दुसरीले बोलाचं असन.”

“अहो मावशी, घरात आता दुसरी कोण आहे?”

पलीकडे बांगड्या वाजतात.

“माह्या घरात नाही व. तुही आई फोन लावून राहिली असन. तिले लाइन मोकळी ठेव.”

आणि ठेवतात. मला त्यांचं आणखी ऐकायचं असतं. मी मुकाट्याने आईला फोन लावते.