कमरेवरचा वळ

आमच्या मावशी मेणाच्या ठोकळ्यातून कातडीचा काप इतका पातळ काढायच्या की पाण्यावर सोडला की तो दिसेनासा व्हायचा. मी नांदेडला पॅथॉलॉजी शिकत होते, आणि निलंग्याकडच्या या मावशी तिथल्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं हेच काम करत होत्या. एखादा काप सुरकुतला की माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मीच फुंकर मारली!

माझा प्रबंध पी-त्रेसष्ट नावाच्या प्रथिनावर होता. मावशींना नुसतं कापून चैन पडेना. "म्या हे कशापायी करायले, ते तर सांगा." मी सांगितलं, कातडीच्या सगळ्यात खालच्या ओळीतल्या पेशींत हे असतं. कोणती जनुकं चालू, कोणती बंद, ते ठरवतं. हे नसलं तर उंदराचं पिल्लू कातडीशिवायच जन्मतं. आणि कातडीच्या काही कर्करोगांत हेच उदंड होतं, पेशी वाढतच राहतात.

"म्हंजे मुकादम हाय की त्यो. अन् मुकादमच पिसाळला तर टोळीला कोण आवरणार?"

माझ्या सरांनाही इतकं सोपं सांगता आलं नव्हतं.

दिवसभर उभ्याचं काम, म्हणून मावशी परकराची नाडी करकचून बांधत. नाडीखाली सुती चिंधीची घडी. एकदा ती बदलताना चिंधीवर ओला डाग दिसला. मी विचारलं तर म्हणाल्या, "नाडीचा वळ हाय. लई दिसापासून हाय. समद्या बायांना असतोय."

माझ्या आईच्याही कमरेवर काळा वळ आहे. सतत घासून न भरणारी जखम कर्करोगासाठी तपासावी, हे परीक्षेत लिहून मी गुण मिळवले होते. पण वयाने मोठ्या बाईला 'दाखवा' म्हणायला संकोच वाटला. आणि खरं सांगते, त्या दिवशी मला वीस स्लाइडची घाई होती.

दीड वर्षाने मावशी रजेवर गेल्या. नव्या माणसाने कापलेली एक जाड स्लाइड माझ्यापुढे आली. पी-त्रेसष्टचा तपकिरी रंग खालच्या ओळीत न थांबता वरपर्यंत पसरलेला, प्रबंधाला हवा तसाच. मी खूश झाले. मग सोबतच्या कागदावरचं नाव वाचलं. मावशींचं होतं.

लातूरला ऑपरेशन झालं, पण रोग जांघेतल्या गाठींत उतरला होता. चार महिन्यांनी मावशी गेल्या. त्याआधी एकदा भेटायला गेले होते. "मावशी, त्या दिवशी मी बघायला पाहिजे होतं," एवढंच कसंबसं म्हणाले.

त्यांनी माझा हात थोपटला. "तुम्ही म्हनला असता तर दाखिवलं असतं की, मॅडम. तुमच्यापुढं कसली लाज?"