काळा मुखवटा

करोल बागेत गाडीची सीट कव्हरं बदलायला गेलो होतो, तिथे नव्या रेक्झिनचा वास आला आणि रेक्झिनचाच तो काळा मुखवटा आठवला. तेव्हा मी नोएडातल्या एका छोट्या कंपनीच्या शोमध्ये कुस्ती खेळायचो. कोण जिंकणार हे मालक आधीच ठरवायचे. एका शोच्या पोस्टरवर पहिल्यांदाच माझा फोटो आला होता. बाबा निवृत्त हवालदार, गावी मातीतली कुस्ती खेळलेले. ते द्वारकेहून दोन शेजाऱ्यांना घेऊन आले आणि पुढच्या रांगेत बसले. पण मुखवटा घालून खलनायक होणारा आलाच नाही. मालक म्हणाले, "तेरा मैच कैंसिल. मास्क तू पहन ले, हारना है. और घर पे भी नहीं बताना." मुखवट्याच्या आत माझाच श्वास गरम लागत होता. ठरल्याप्रमाणे तीनदा पाठीवर पडलो. दरवेळी बाबांचा आवाज गर्दीतून वेगळा ऐकू यायचा, "दाब त्याला, सोडू नको." मी छताकडे बघत पंचांची मोजणी संपायची वाट पाहिली. नंतर बाहेर त्यांनी विचारलं, "तुझी कुस्ती?" "रद्द झाली," मी म्हणालो. बाबांनी पोस्टरची घडी नीट खिशात ठेवली. "तो मुखवटेवाला अगदीच कच्चा होता. तू असतास तर दोन मिनिटांत चितपट केलं असतंस." मी मान हलवली. शेजाऱ्यांना ते अजूनही हेच सांगतात. दुकानदाराने रंग विचारला. समोर काळं कव्हर होतं, तेच बसवून घेतलं.