मंगळ मार्गी झाल्यावर

मखमलाबादच्या मालनबाई मौले यांनी जन्मात दोनच माणसांचं ऐकलं. एक त्यांचे वडील, आणि तेही वडील गेल्यावर "दादा सांगायचे ते खरं होतं" असं म्हणण्यापुरतं. दुसरे पंचवटीतले गुरुजी, जे पत्रिका बघत. बाकी घरात, मळ्यात आणि फुलबाजारात इतरांनी मालनबाईंचं ऐकायचं, असा रिवाज होता. तो कुणी मोडल्याचं ऐकिवात नाही.

अडीच एकरात झेंडू, शेवंती आणि थोडा गलांडा. पहाटे तोडणी, उजाडताना बाजार, आणि दुपारी जेवण झाल्यावर पुढच्या दिवसाचे हुकूम. मालनबाईंनी टोपलीत हात घातला की फूल कालचं की आजचं ते त्यांना न बघता कळायचं, आणि व्यापाऱ्याने तोंड उघडायच्या आत तो काय भाव म्हणणार तेही कळायचं. नवरा सहादू अबोल गडी. लग्नानंतर महिन्याभरात त्यांनी बोलण्याचं सगळं काम बायकोकडे सोपवलं आणि ते पुन्हा कधी मागून घेतलं नाही. एकुलता मुलगा खंडेराव वडिलांवर गेलेला.

या खंडेरावाचं लग्न २००३ च्या मे महिन्यात झालं, आणि ते जरा घाईतच झालं. त्या वर्षी नाशकात सिंहस्थ होता. एकदा गुरू सिंह राशीत शिरला की आमच्याकडे जुन्या वळणाची माणसं वर्षभर लग्नाचं नाव काढत नाहीत. त्यामुळे त्या उन्हाळ्यात जिल्हाभर एकच गडबड उडाली होती. दिंडोरीकडच्या भिकन आणि लताबाईंची मुलगी शुभांगी मालनबाईंना बाजारातच पसंत पडली होती. पंधरा दिवसांत बार उडवला. गुरुजी पर्वणीच्या तयारीत बुडालेले, त्यांना पत्रिका बघायला सवड नव्हती. "आधी लग्न, पत्रिका मागून," मालनबाई म्हणाल्या. एरवी लिंबूसुद्धा मुहूर्त बघून विकत घेणारी ही बाई, पण घाईला अक्कल नसते.

जुलैअखेर मंगळ वक्री झाला. म्हणजे आकाशात तो उलट्या पावलांनी चाललाय असं दिसू लागलं. त्याच रात्री विहिरीवरची मोटार जळाली. दुसऱ्या दिवशी गवत कापताना सहादूंच्या बोटावर विळा बसला आणि चार टाके पडले. मालनबाई सुनेची पत्रिका घेऊन पंचवटी गाठतात तोच गुरुजींनी बोट ठेवलं. मुलीच्या आठव्या घरात मंगळ, आणि तो सध्या वक्री. सप्टेंबर सरताना मार्गी होईल, म्हणजे सरळ चालू लागेल. तोवर सूनबाई माहेरी राहिलेल्या बऱ्या.

श्रावण लागला होता. नवी नवरी नागपंचमीला माहेरी जातेच, त्यामुळे कुणाला काही सांगावं लागलं नाही. शुभांगी दोन साड्या घेऊन हसत गेली. पंचमी झाली, राखी झाली, न्यायला कुणी आलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या गौरी आल्या. पहिल्या गौरींना सून घरात नसणं म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. लताबाईंनी शेवटी शेजाऱ्यांच्या घरून फोन केला. मालनबाईंनी अगदी सरळ सांगून टाकलं, "मंगळ मार्गी होऊ द्या, मंग बघू." आपल्याला महिनाभर घराबाहेर का ठेवलंय ते शुभांगीला असं, शेजाऱ्यांच्या ओसरीवर उभं राहून कळलं.

नवरात्र बसलं आणि दुसऱ्या दिवशी मंगळ सरळ झाला. मालनबाईंच्या हिशेबी विषय संपला होता. लाइट आली की पंखा आपोआप फिरतो, तशी सून येणार. त्यांनी खंडेरावाला पाठवलं. तो संध्याकाळच्या बसने एकटाच परत आला.

"ती म्हणती, ज्यानं धाडलं त्यानं न्यायला यावं."

मालनबाईंचा पारा चढला. त्यांनी तास दोन तास आपल्या काळच्या सासवा, त्यांचा छळ आणि आजच्या पोरींची जीभ यावर भाषण केलं. घरात कुणी मान हलवली नाही. शेवटी टाक्यांचं बोट धरून बसलेले सहादू म्हणाले, "तूच जाऊन ये." वर्षभराचं बोलणं त्या तीन शब्दांत आटोपून ते झोपायला गेले. खरी गोष्ट अशी की मालनबाई घाबरल्या होत्या. पोरगी आली नाही तर मुलाचा संसार सुरू होण्याआधीच मोडला, आणि तो कुणी मोडला हे अख्ख्या बाजाराला ठाऊक झालं असतं.

त्या गेल्या तो दसऱ्याचा आदला दिवस. वर्षाची सगळी झेंडूविक्री याच दिवसावर असते. लग्न होऊन आल्यापासून मालनबाईंनी हा बाजार एकदाही चुकवला नव्हता. त्या दिवशी त्यांनी टोपल्या बापलेकांच्या हवाली केल्या, कोरी साडी आणि नारळ पिशवीत टाकला आणि दिंडोरीची बस धरली.

भिकन यांच्या बागेत द्राक्षाची छाटणी चालू होती. शुभांगी डोक्याला फडकं बांधून बायकांबरोबर छाटलेल्या काड्या गोळा करत होती. सासू दिसल्यावर तिने काड्यांचा भारा बांधावर टाकला, हात धुतले, पाया पडली. लताबाईंनी चहा केला, पण साखर किती ते विचारलं नाही.

"मंगळ सरळ झालाय," मालनबाई म्हणाल्या. "उद्या दसरा. घरची लक्ष्मी घरात पाह्यजे. चल."

शुभांगी खाली बसली. "आत्या, मी शाळेतल्या मास्तरांना इचारलं. मंगळ दोन वर्सांनी परत वक्री व्हतो. मंग मला परत धाडणार का?"

बाजारात दहा व्यापाऱ्यांना गप्प करणारी ही बाई. तिला उत्तर सुचलं नाही.

"आन मोटार माझ्यामुळं जळली का, मामांचं बोट माझ्यामुळं कापलं का, तेवढं माझ्या आईबापासमोर सांगा. मंग मी येते."

 मालनबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. एखादी दुसरी असती तर रडली असती किंवा उठून गेली असती. मालनबाई सोंग करण्यात कच्च्या होत्या. त्यांना भांडता यायचं आणि खरं बोलता यायचं, आणि भांडायला इथे जागाच उरली नव्हती.

"मोटार जळली ती जोडाच्या वायरीनं," त्या म्हणाल्या. "ह्यांनी दोनदा सांगितलं व्हतं, वायर बदलू. मीच नाय म्हणाले. बोट कापलं ते ह्यांना धड दिसत नाय म्हणून. चष्मा बदलायचा तेबी सांगितलं व्हतं. मी म्हणलं, तुमचं ध्यान नसतं. तुझं नाव घेतलं, कारण माझं घ्यायचं नव्हतं. चुकलं माझं."

शुभांगीने पदराने तोंड पुसलं आणि पिशवी भरायला उठली. लताबाईंनी दुसरा चहा टाकला, आणि या खेपेला साखर किती ते विचारलं.

दसरा पार पडला. सून घरात वावरू लागली. काही दिवसांत ती हार इतके सुबक गुंफायला लागली की गिऱ्हाईक तिच्या टोपलीपुढे थांबे. सहादूंना नवा चष्मा आला, विहिरीवर नवी वायर आली. मालनबाईंनी पंचवटीचं दार सोडलं नाही. पेरणी, विहीर, गाय, सगळं गुरुजींना विचारत, पण सुनेचं नाव तिथे पुन्हा काढलं नाही. आपण आपली चूक निस्तरली, याचा त्यांना बराच अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत.

२००५ च्या ऑक्टोबरात मंगळ पुन्हा वक्री झाला. शुभांगीला तेव्हा नववा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरचं, तेव्हा भिकन जीप घेऊन लेकीला न्यायला आले. मालनबाई दारात उभ्या राहिल्या.

"ती कुठं जायची नाय," त्या म्हणाल्या. "वक्री मंगळात सुनेला परत धाडली, असं लोक म्हणतील. बाळंतपण हितंच व्हईल. मी सगळं करीन. दवाखाना बघून ठेवलाय."

हे बोलताना त्यांना फार बरं वाटत होतं. दोन वर्षांपूर्वी बागेत जे उत्तर सुचलं नव्हतं, ते आज त्यांनी चारचौघांत दिलं होतं. भिकन यांनी गोंधळून लेकीकडे बघितलं.

शुभांगी एका हाताने कंबर धरून पुढे आली. आवाज चढला नव्हता. "आत्या, तवा गुरुजींचं ऐकून धाडलं, ते तुम्हीच. आज लोकांचं ऐकून ठिवताय, तेबी तुम्हीच. मला एकदा तरी इचारलं का?"

ओसरीवर सहादू होते, खंडेराव होता. मालनबाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. वायर, चष्मा आणि सून, तिन्ही ठिकाणी दोष एकच होता, समोरच्याचं म्हणणं न ऐकण्याचा, आणि मंगळ बिचारा उगाच बदनाम झाला होता. हे त्यांना त्या क्षणी लख्ख दिसलं आणि मनापासून लाज वाटली. अशी लाज त्यांना बागेत चुकलं म्हणतानाही वाटली नव्हती.

त्या दारातून बाजूला झाल्या. पुढचे शब्द त्यांच्या तोंडी इतके नवे होते की ते त्यांनी जपून, एकेक करत उच्चारले.

"मंग तुझं काय म्हणणं हाये?"

 शुभांगीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला आईकडं जायचंय," ती म्हणाली. "सव्वा महिना झाला की न्यायला या. दुसऱ्या कुणाला धाडू नका, तुम्ही या."

मुलगी झाली. सव्वा महिना भरत आला तेव्हा गुरुजी बाजारात भेटले आणि म्हणाले, मंगळ अजून वक्री आहे, दहा डिसेंबरपर्यंत थांबा. मालनबाईंनी त्यांची फुलं बांधून दिली आणि दिवस सुनेने ठरवलाय असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने त्या दिंडोरीला गेल्या.