ऋतुजाच्या ॲडमिशनची पत्रिका

काय सांगावं राव! ज्या माणसानं वीस वर्षं नांदेडकरांच्या तारखा छापल्या, तो स्वतःच्या घरच्या एका तारखेत असा तोंडावर पडला की अजून पाहुण्यांत बसायची सोय राहिली नाही. तो माणूस म्हणजे मीच. आत्ताच हसू नका, अजून सुरुवात आहे. चहा घ्या.

माझा पत्रिकांचा छापखाना आहे. लग्न, साखरपुडा, बारसं, वास्तुशांती, जे म्हणाल ते. आणि माझ्या बिलाच्या तळाशी एक ओळ आहे : 'नावे, तारीख व मजकूर तपासूनच प्रूफवर सही करावी. नंतर तक्रार चालणार नाही.' या एका ओळीवर मी किती भांडणं जिंकलीत म्हणून सांगू! नवरदेवाच्या मामाचं नाव राहिलं? प्रूफ काढायचं, खालची सही दाखवायची. माणूस पैसे मोजून चालता.

तर आमची ऋतुजा बारावी झाली. दोन वर्षं लातूरला होस्टेलात राहून अभ्यास केला पोरीनं, ताप असला तरी क्लास चुकवला नाही. सीईटीला मार्क चांगले पडले. तिला इलेक्ट्रॉनिक्सच करायचं होतं. पण मार्क असे काठावरचे की पहिल्या फेरीत मिळालेली सीट घालवली, तर पुढं काय हाती लागेल याचा भरवसा नाही. एक तारीख चुकली की संपलं.

आणि तारखा तरी किती हो! फॉर्म भरायची वेगळी, कागदपत्रं तपासायची वेगळी, कॉलेजांची यादी भरायची वेगळी, सीट लागल्याची वेगळी, कॉलेजात जाऊन प्रवेश पक्का करायची वेगळी. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसाला दीडशे मेसेज, त्यातले शंभर 'गुड मॉर्निंग'चे. आमच्या सौभाग्यवतीनं, सुनंदानं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करायला घेतले. त्याच कॅलेंडरवर ती दुधाचे खाडेही मांडते. एका सकाळी मी 'आज शेवटची तारीख' म्हणून ओरडत, अर्धी दाढी ठेवून, फाईल घेऊन निघालो. सुनंदा दारात आडवी आली.

"कुठं चाललात?"

"कॅलेंडरवर गोल आहे ना आजचा!"

"तो गवळी आला नाही त्याचा आहे. तोंड धुवा आधी."

त्या दिवशी माझ्या डोक्यात कल्पना आली. आमच्या घराण्यात कुणाच्याही तारखा लक्षात राहत नाहीत, पण लग्नाची तारीख कुणी विसरलेलं ऐकलंय का तुम्ही? बारा वर्षांपूर्वी कुणाचं लग्न कोणत्या वारी होतं आणि बुंदी कशी कडक होती, हे आमचे लोक झोपेत सांगतील. मग पोरीच्या तारखांची पत्रिकाच छापली तर?

तेव्हा कॉम्प्युटरवर लातूरच्या एका किराणा व्यापाऱ्याच्या मुलीच्या साखरपुड्याची पत्रिका उघडी होती. मुलीचं सासर नांदेडचं, म्हणून काम माझ्याकडं. मी तीच घेतली, नावं पुसली, आणि वर गणपती तसाच ठेवून मजकूर भरला : 'आमचे येथे श्रीकृपेकरून आमची कन्या कु. ऋतुजा हिचा इंजिनिअरिंग प्रवेश करण्याचे योजिले आहे.' मग एकेक कार्यक्रम, त्याची तारीख, वार, वेळ. 'स्थळ : नंबर लागेल ते कॉलेज.' आणि तळाशी चौकटीत : 'येताना मूळ कागदपत्रे व झेरॉक्सचे दोन संच सोबत आणावेत.' काय सुंदर दिसत होती म्हणता!

सुनंदानं पत्रिका हातात घेतली आणि अगदी खाली बोट ठेवलं.

"अहो, हे सोनू-मोनू कोण?"

बघतो तर खाली लाल ठळक अक्षरात, 'आमच्या मावशीच्या कार्यक्रमाला यायचं हं! – सोनू, मोनू.' लातूरच्या पत्रिकेतलं पुसायचं राहिलेलं.

"राहू दे गं, शोभा आहे ती," मी म्हणालो. "लेकरांशिवाय पत्रिका कसली?"

"बाकीचं तरी नीट वाचा एकदा."

"मला वाचायला सांगतेस? वीस वर्षं झाली!" असं म्हणून मी प्रूफवर झोकात सही ठोकली.

दहा प्रती काढल्या. एक फ्रिजवर, एक आरशावर, एक देवघराच्या दाराला. आणि एकीचा फोटो कंधारला आक्काला पाठवला. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, आमच्या घराण्याचं घड्याळ. फोटोखाली लिहिलं, 'आक्का, तारीख लक्षात ठेव.' बस्, एवढंच. तिनं फोन करून आठवण द्यावी, एवढाच माझा हेतू होता.

आणि घरात हुकूम काढला : यापुढं मोबाईलमध्ये कुणी तारीख बघायची नाही, गोंधळ होतो. ग्रुपचा आवाज बंद. पत्रिकेवर असेल तेच खरं. ऋतुजा एकदा म्हणालीसुद्धा, "बाबा, पोर्टल एकदा बघून घेऊ का?" मी म्हणालो, "पत्रिका कुणी छापलीय?" पोरगी गुणी, तिनं मोबाईल ठेवून दिला.

आणि खोटं कशाला बोलू, सगळं कसं मुहूर्तावर होत गेलं! फॉर्म वेळेत, कागदपत्रं वेळेत. सीट लागल्याचा मेसेज आला, तीसुद्धा घराजवळ, विष्णुपुरीला, तिला हवं होतं तेच इलेक्ट्रॉनिक्स. मी गल्लीत पेढे वाटले. आता कॉलेजात जाऊन प्रवेश पक्का करणं तेवढं राहिलं होतं. पत्रिकेत शेवटच्या ओळीत स्पष्ट होतं : शुक्रवार, सायंकाळी पाचपर्यंत. शुक्रवारी सकाळी निवांत जायचं ठरलं.

गुरुवारी दुपारी मी जेवायला घरी आलो होतो. ऋतुजा न्हाऊन केस वाळवत बसलेली. इतक्यात दारात जीप थांबली. आतून आक्का उतरली. मागून दाजी. मग आक्काची जाऊ, जावेची सून, आणि अशी एकूण नऊ माणसं. एकीच्या हातात पितळी डबा, एकीच्या डोक्यावर चुरमुऱ्याचं पोतं.

"आक्का, तू? अशी अचानक?"

"अचानक कशी? उद्याचा कार्यक्रम हाय, मंग आज येऊ न्हाई तर परवा येऊ?" आक्कानं चपला काढल्या. तिचा चेहरा काही ठीक नव्हता. "भावाच्या घरचं पहिलं कार्य, आन थोरल्या बहिनीला फोटोवर आवतन! लई मोठा झालास रं. येनारच नव्हते. पोरीच्या तोंडाकडं बघून आले."

"कसलं कार्य आक्का?"

"ऐका! पत्रिका छापून ह्यो मलाच इचारून राहिला! आजकाल साखरपुड्यातच लगीन उरकत्यात, म्हून हळद बी घिऊन आले." तिनं पितळी डबा पुढं केला. "नवरदेव कुठला हाय?"

सुनंदा स्वयंपाकघरात पळाली. ती हसत होती की रडत होती, मला अजून कळलेलं नाही.

"अगं आक्का, लग्न नाही, ॲडमिशन आहे! पत्रिका वाचली नाहीस का?"

"मोबाईलवर मुंगीयेवढं अक्षर. गनपती दिसला, रुतुजाचं नाव दिसलं, तारीख दिसली. पत्रिकेत आनखी काय वाचायचं असतंय?"

वीस वर्षांच्या धंद्यात इतकं खरं कुणी बोललं नव्हतं.

"आन समजा ॲडमिशन हाय," आक्कानं फ्रिजवरची पत्रिका उपटली, "तर ह्ये सोनू-मोनू कोन? मावशीच्या कार्यक्रमाला या म्हनत्यात. रुतुजाला भाचे कवा झाले? माझ्यापासून काय लपवून राहिलास?"

मी शपथ घेतली. दाजींनी मान हलवली, म्हणजे विश्वास नाही. शेवटी ऋतुजाच पुढं आली.

"आत्या, थांब. तुला सीटचं पत्रच दाखवते." आणि बापाचा हुकूम मोडून तिनं मोबाईलवर पोर्टल उघडलं. "हे बघ. हे माझं नाव. हे कॉलेज. ही ब्रँच. आणि ही शेवटची..."

पोरगी थांबली.

"बाबा, आज गुरुवार आहे ना?"

"हो. का गं?"

तिनं मोबाईल माझ्यासमोर धरला. प्रवेश निश्चितीची शेवटची मुदत : गुरुवार, सायंकाळी पाच.

मी पत्रिका बघितली. शुक्रवार. पुन्हा मोबाईल बघितला. गुरुवार. आणि लातूरचा तो साखरपुडा कधी होता हे मला पाठ होतं. शुक्रवारी! पुसताना एकटे सोनू-मोनूच राहिले नव्हते. त्यांच्या मावशीची तारीखही राहिली होती.

घड्याळात सव्वा वाजला होता. पोरीची दोन वर्षं डोळ्यांपुढं आली, आणि ती मी पाणी ओतल्यासारखी ओतून देणार होतो. ऋतुजा रडली नाही, माझ्याकडं नुसती बघत राहिली. रडली असती तर बरं वाटलं असतं.

"फाईल कुठंय?" सुनंदा ओरडली.

"छापखान्यात. झेरॉक्सला नेली होती."

"मंग उभा काय ऱ्हायलास?" आक्का चपला घालत म्हणाली. "गाडी हाय की दारात! बसा समदे!"

जीपचा ड्रायव्हर चौकात जेवायला गेला होता. त्याला अर्ध्या भाकरीवरून उठवला. छापखान्यातून फाईल उचलली. कुणाला उतरवायला वेळ नव्हता, म्हणून नऊ पाहुणे, आम्ही तिघं आणि चुरमुऱ्याचं पोतं असे सगळे विष्णुपुरीच्या रस्त्याला लागलो. ऋतुजाचे केस ओलेच होते. मी सारखं घड्याळ बघत होतो. आक्कानं काय करावं? डबा उघडला आणि पोरीच्या दोन्ही गालांना हळद लावली.

"आक्का, अगं हे काय!"

"आनलेली हळद माघारी नेत न्हाईत. शिकायला चाललीय, ते काय कमी कार्य हाय?"

कॉलेजात रांग होती. आमचा नंबर आला तेव्हा सव्वाचार झाले होते. खिडकीमागच्या मॅडमनी कागद बघितले, मग ऋतुजाचे गाल बघितले, मग तिच्यामागं उभी असलेली अकरा माणसं बघितली.

"पालक कोण आहे?"

"आमी!" सगळे एकदम म्हणाले.

मॅडमचा चेहरा पडला. हळू आवाजात त्यांनी ऋतुजाला विचारलं, "बेटा, लग्न आहे का तुझं? शिकणार आहेस ना पुढं?"

"शिकनार म्हंजी?" आक्कानं खिडकीत डोकं घातलं. "तुमी ठप्पा मारा, बाई. ती न्हाई शिकली तर मला इचारा!"

मॅडम हसल्या आणि एक कागद माझ्यापुढं सरकवला. "वरची माहिती तपासून पालकांनी सही करा."

मी पेन उचललं. सुनंदानं कागद ओढून घेतला. तिनं वरपासून खालपर्यंत वाचला. मग ऋतुजानं वाचला. मग आक्कानं चष्म्याशिवाय डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाली, "हाव, गनपती न्हाई, पन बाकी बरोबर हाय." तेव्हा कुठं पेन माझ्या हातात आलं. शिक्का पडला तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती. मी तिथल्याच एका पायरीवर मटकन बसलो आणि सगळ्यांदेखत रडलो. लाज कसली? पोरगी माझी होती. चुरमुरे आम्ही कॉलेजच्या गेटात सगळ्यांना वाटले.

आता तुम्ही म्हणाल, संपलं. मलाही तसंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, लातूरहून फोन आला. तेच किराणा व्यापारी, सोनू-मोनूचे आजोबा. मागून सनईचा आवाज येत होता.

"भाऊ, साखरपुडा चालू हाय. एक इचारायचं होतं," ते शांतपणे म्हणाले. "आमचे व्याही समदी फाईल घिऊन आलेत. पोराच्या दहावी-बारावीच्या मूळ मार्कमेमो आन झेरॉक्सचे दोन संच. म्हनत्यात, पत्रिकेत चौकटीत लिव्हलंय. आमी कवा लिव्हलं वो ते?"

पोरीची पत्रिका छापून झाल्यावर त्याच फाईलीत मी त्यांची नावं आणि मजकूर परत टाकला होता. तळाची चौकट मात्र आमचीच राहिली होती. पण मी हार मानली नाही. वीस वर्षांचं हत्यार बाहेर काढलं.

"शेठजी, आमच्या बिलावर लिहिलेलं असतं. प्रूफवर सही करण्याआधी तपासायचं असतं. एक मिनिट, तुमची सहीच दाखवतो."

"आमी कुठं आलतो नांदेडला?" ते म्हणाले. "फोनवर सांगितलं व्हतं की, तुमच्यावर भरवसा हाय म्हून."

मी कपाट उघडलं, त्यांचं प्रूफ काढलं. खाली सही होती. झोकदार, ठसठशीत.

माझीच.