गालिचा होता तोवर

म्हातारपणी प्रत्येक जिवाला अखेर मातीची ओढ लागते. आमच्या कुत्र्याला ती सकाळ-संध्याकाळ लागते, कारण मातीशिवाय दुसरीकडे कुठेही लघवी करायची नाही, हे त्याने पिल्लू असतानाच ठरवून टाकलं होतं. तेव्हा आम्ही अंबरनाथ पूर्वेला तळमजल्यावर राहत होतो. दार उघडलं की अंगण, त्यामुळे त्याच्या या तत्त्वाची कोणाला अडचण नव्हती. मी निवृत्त झाल्यावर आम्ही बदलापूरला, खरवईच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. लिफ्ट लॉबीपर्यंत येते. लॉबीतून थोड्या पायऱ्या उतरल्या की करंजाचं झाड आणि त्याखाली माती.

मागच्या हिवाळ्यात त्याचे मागचे पाय आखडले. उल्हासनगरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "संधिवात है, काका. ठीक होनेवाला नहीं. दुखणं कमी करू, बस. गोळ्या जास्त नाही देणार, किडनी पण म्हातारी आहे. घसरू देऊ नका. एकदा घसरला की डरेल, मग पाय टाकणारच नाही."

आमच्या घरात घसरणार नाही अशी जागाच नव्हती. फरशी बायकोने निवडलेली, तोंड पाहता येईल इतकी चकचकीत. बदलापुरात सध्या सगळीकडे अशीच लावतात. चकाकी नसली तर पाहुण्यांना फ्लॅट जुना वाटतो. आम्ही तिच्यावर गोणपाटं, सतरंज्या आणि कधीच न वापरलेल्या योगासनांच्या मॅट अंथरल्या. कुत्रा मधल्या उघड्या फरशीकडे संशयाने बघत एका सतरंजीवरून दुसरीवर जायचा. पायऱ्यांवर मात्र इलाज नव्हता. माझ्या जुन्या जीन्सची रुंद पट्टी त्याच्या पोटाखालून घालून मी मागचा भाग उचलून धरायचो. खाली पोचेपर्यंत तो कण्हायचा आणि मीही.

म्हणून मी सोसायटीकडे रॅम्प मागितला. चेअरमन भला माणूस. "काका, कुत्र्यासाठी ठराव नाही मांडता येणार. लोक हसतील. ज्येष्ठांसाठी म्हणून मांडतो."

"मांडा. तोही ज्येष्ठच आहे."

सिमेंटचा उतार झाला तेव्हा तो छान खरखरीत होता. मी हात फिरवून पाहिला आणि म्हटलं, आता याला काही करू नका. चेअरमन दुखावले. "असाच ठेवायचा? उद्घाटनाला भाऊ येणारेत." भाऊ म्हणजे आमचे माजी नगरसेवक. पुढच्या आठवड्यात रॅम्पवर पांढरी चकचकीत फरशी बसली, आमच्या घरात आहे तशीच. बायको बघून म्हणाली, "बरी दिसते." मग तिच्या लक्षात आलं आणि तिने कुत्र्याच्या पायांकडे पाहिलं.

उद्घाटनाला रांगोळी, माईक आणि फीत होती. भाऊंसाठी मंडपवाल्याने रॅम्पवर लाल गालिचा अंथरला. फीत कापून झाली. भाऊ बोलायला उभे राहिले. हा नुसता रॅम्प नाही, हा वडीलधाऱ्यांपुढे झुकलेला माथा आहे, असं ते सांगत असताना कुत्र्याची वेळ झाली. बायको त्याला घेऊन लॉबीच्या दाराशी आली. त्याने गालिचा हुंगला, पुढचा पाय ठेवून पाहिला आणि तो चालायला लागला. हळूहळू, पण पट्टीशिवाय. खुर्च्यांच्या बाजूने करंजापर्यंत गेला आणि तिथे त्याने निवांतपणे काम उरकलं.

"बघा," भाऊ माईकवर म्हणाले, "पहिला लाभार्थी."

सगळे हसले, टाळ्या पडल्या. कुत्रा आला तसा आपल्या पायांनी वर गेला. बायकोने पट्टा सैल सोडला होता. बऱ्याच दिवसांनी तिने रात्री त्याच्यासाठी वेगळा भात शिजवताना माझ्याशी भांडण काढलं नाही.

गालिचा त्याच संध्याकाळी गुंडाळून गेला. मंडपवाल्याला पुढे साखरपुड्याची ऑर्डर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टी घेऊन मागे होतो, पण कुत्रा कालच्या भरवशावर पुढे झाला. पहिल्याच पावलाला मागचे दोन्ही पाय दोन बाजूंना फाकले. तो ओरडला नाही. तसाच बसून राहिला आणि आमच्याकडे बघायचं त्याने टाळलं.

मी उल्हासनगरहून काथ्याची लांब पट्टी आणून रॅम्पवर टाकली. फरशी झाकली याचं चेअरमनना वाईट वाटलं. कुत्रा तिच्यावर आला नाही. पायऱ्यांवरही नाही. काल होतं ते आज नसतं, एवढं त्याला कळलं होतं. उचलून न्यावं तर कमरेला हात लागला की कळवळायचा.

डॉक्टरांना फोन केला. "माती बाल्कनीत द्या," ते म्हणाले.

"आणि पायांचं?"

"काका, आणखी काही असतं तर पहिल्या दिवशीच दिलं नसतं का?"

करंजाखालची माती वर आणून नर्सरीतल्या मोठ्या ट्रेमध्ये भरली. एक अख्खा दिवस त्याने दम धरला. मग त्यात जाऊन उभा राहिला. पाय वर करणं आता जमत नाही, तेव्हा पिल्लं करतात तसं थोडं वाकून, मान भिंतीकडे वळवून उरकतो. तेवढा वेळ आम्हीही आत जातो. हल्ली बाल्कनी आणि त्याची सतरंजी यापलीकडे त्याचं जाणं नाही. पाय आणखी बारीक झालेत.

रोपांचा ट्रे असल्याने त्याला खाली भोकं आहेत. परवा लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या काकू बायकोला म्हणाल्या, "झाडांना पाणी जरा जास्त होतंय तुमच्या." बायको म्हणाली, बघते. आमच्या बाल्कनीत एकही झाड नाही.